कुठे अडतंय, ते आधी ऐकू या

चौथीचा वर्ग. धड्याचं प्रकट वाचन चाललं आहे. पाळी एकेकापुढून सरकत खिडकीजवळच्या मुलापाशी येते आणि थांबते. तो पुस्तकाकडे बघतो, मग शेजाऱ्याकडे. शेजारी हळूच शब्द सांगतो, हा तो मोठ्याने म्हणतो. वर्गात खुसखुस होते. तास संपत आलेला असतो. "बरं, बस खाली," असं म्हणून आपण पाळी पुढे नेतो आणि वर्षाच्या शेवटी त्याच्या नोंदीत लिहितो : 'वाचनात सुधारणा आवश्यक.'

निलंगा तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या शाळांमधल्या शिक्षकांशी मला या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. या ओळीवरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीच कळत नाही. मुलाला अक्षरंच ओळखता येत नाहीत, की अक्षरं येतात पण वेलांटी-उकाराला तो अडखळतो? की वाचतो सगळं, पण कळत काहीच नाही? या तीन मुलांना तीन वेगळ्या गोष्टी शिकवाव्या लागतात. तिघांनाही 'अप्रगत' म्हणून एका रांगेत बसवलं आणि पुन्हा 'अ आ इ ई' पासून गिरवायला लावलं, की त्यातल्या दोघांचा वेळ फुकट जातो आणि तिसऱ्याचा उत्साह.

आपला लातूर जिल्हा दहावी-बारावीच्या निकालांसाठी राज्यभर ओळखला जातो. 'लातूर पॅटर्न'चं नाव ऐकून लांबून मुलं इथे शिकायला येतात. पण त्या वाटेवर पाऊल ठेवण्याआधी तिसरी-चौथीतच जी मुलं गळून पडतात, त्यांची दखल कुठल्याही गुणवत्ता यादीत नसते. 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, करोनानंतर, हा आकडा २०.५ टक्के होता. सुधारणा आहे, पण चारातली जवळजवळ तीन मुलं अजून बाहेरच आहेत. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं यासाठी 'निपुण भारत' अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, आणि त्याची मुदत २०२६-२७ हे वर्ष आहे.

दहा मिनिटं, एकट्याने

पहिली गोष्ट म्हणजे मुलाला एकट्याला घेऊन त्याचं वाचन ऐका. वर्गासमोर उभं करून कधीच नको. वर्गासमोर अडखळणाऱ्या मुलाचं वाचन आपल्याला ऐकू येत नाही, त्याची भीती तेवढी ऐकू येते. व्हरांड्यात, लिंबाच्या सावलीत, बाकीची मुलं चित्र काढत असताना त्याला शेजारी बसवा. समोरासमोर नको, शेजारीच, म्हणजे दोघांची नजर एकाच कागदावर राहते.

वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न रास्त आहे. हिशेब करून बघा. तीस मुलांचा वर्ग धरला आणि प्रत्येकाला दहा मिनिटं दिली, तर पाच तास होतात. रोज चार मुलं घेतली तर शाळेचे आठ दिवस लागतात. जूनच्या मध्यात शाळा उघडली, की जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात सगळ्या वर्गाचा नकाशा असेल. द्विशिक्षकी शाळेत पट कमी असतो, तिथे हे काम चार-पाच दिवसांतही उरकतं.

सुरुवातीला 'प्रथम' संस्थेची साधी पद्धत पुरेशी आहे. 'असर'च्या पाहणीत २००५ पासून हीच वापरतात. एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. आधी परिच्छेद द्यायचा. मुलाने तो वाक्यासारखा वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका केल्या नाहीत, तर गोष्ट द्यायची. नाही जमलं, तर खाली उतरून शब्द द्यायचे. पाचांपैकी चार बरोबर आले तर मूल शब्दांच्या पातळीवर आहे, नाहीतर अक्षरांकडे जायचं, तिथेही पाचांपैकी चार. परिच्छेदापासून सुरू करण्यात शहाणपण आहे. पाचवीतल्या मुलापुढे आल्या आल्या 'क ख ग' ठेवले तर त्याचा अपमान होतो.

या पद्धतीने मूल कोणत्या पायरीवर आहे ते कळतं. ते तिथे का अडलं, ते कळत नाही. त्यासाठी थोडं खोल जावं लागतं.

अक्षरांपाशी अडलेलं मूल

अक्षरं ओळीने विचारू नका. 'क ख ग घ' चालीवर म्हणणारं मूल ती वाचत असेलच असं नाही. विस्कटून विचारा, आणि दिसायला सारखी अक्षरं मुद्दाम घ्या : घ-ध, भ-म, थ-य, ट-ठ-ढ, ब-व. शब्दातला 'ख' वेगळा विचारा, कारण पुष्कळ मुलांना तो 'र' आणि 'व' असा सुटा दिसतो.

मग शब्दांच्या सहा-सात ओळी काढा. प्रत्येक ओळीत एकच नवी अडचण हवी. नळ, घर, कमळ. मग काम, चाक, बाजार. मग किती, नदी, पिशवी. मग सुई, दूध, मुलगा. मग शेत, मोर, पैसा, चौक. मग आंबा, तांडा, पतंग. शेवटी रस्ता, पुस्तक, सूर्य, ट्रक, दुसऱ्या. कोणत्या ओळीपाशी आवाज खाली जातो, तिथे खूण करा. उद्याचा पाठ त्या ओळीपासून सुरू होतो.

आपल्या लिपीत काही जागा खरोखर अवघड आहेत आणि मोठ्यांना त्या जाणवत नाहीत. 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, पण उच्चारताना 'क' आधी येतो. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि मूल प्रामाणिकपणे 'इक' वाचू लागतं. 'र'चं तर विचारूच नका. 'सूर्य'मध्ये तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो पण आधी उच्चारायचा, 'प्रकाश'मध्ये पोटात तिरपी रेघ, 'ट्रक'मध्ये पायाशी छोटं छप्पर, 'दुसऱ्या'मध्ये आणखी निराळा. चहाचा 'च' आणि चमच्याचा 'च' लिहायला एक, म्हणायला दोन. ही मुलाची बेफिकिरी नाही. प्रत्येक जागा वेगळी दाखवून, त्याच धाटणीचे आठ-दहा शब्द देऊन ती शिकवावी लागते.

एक छोटी चाचणी फार उपयोगी पडते. काही अर्थ नसलेले शब्द लिहून द्या : 'मोशला', 'तुरगी', 'कापिने'. ज्या मुलाने पाठ्यपुस्तकातले शब्द चित्रासारखे पाठ केले आहेत, ते इथे थांबतं. धडा घडाघडा 'वाचणारी' काही मुलं या तीन शब्दांवर अडतात, आणि मगच कळतं की वर्षभर ती ऐकून पाठ केलेलं म्हणत होती. शिक्षक म्हणतात आणि मुलं मागोमाग म्हणतात, त्या अनुवाचनाच्या सवयीची ही देणगी आहे. अनुवाचन बंद करा असं मी म्हणत नाही. त्याला वाचन समजू नका.

'क ला काना का, म, काम' असं फोडून म्हणणारं मूलही ओळखा. काना, मात्रा, वेलांटी यांची नावं घेता घेता शब्दाची सुरुवात त्याच्या लक्षातून निसटते. त्याला थेट 'का', 'कि', 'कु' असा आवाज द्या आणि बोट अक्षराखालून न थांबवता सरकवा.

परिच्छेद वाचणारं, पण चाचपडणारं मूल

इथे न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रुळवलेली नोंदीची पद्धत वापरा. मुलाने न पाहिलेला शंभरेक शब्दांचा मजकूर त्याच्यापुढे ठेवा, आणि त्याचीच एक प्रत तुमच्याकडे. बरोबर शब्दावर टिंब द्या. चुकला तर तो जे म्हणाला ते शब्दावर लिहा. चुकून स्वतःच सुधारलं तर ती चूक मोजू नका, पण नोंदवा, कारण स्वतःची चूक पकडणारं मूल अर्थाकडे लक्ष ठेवून असतं. शंभरात पंचाण्णव किंवा त्याहून जास्त शब्द बरोबर आले तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचावं. नव्वद ते चौऱ्याण्णव आले तर तुमच्या मदतीने. नव्वदच्या खाली आले तर ते पुस्तक आज त्याच्यासाठी नाही, मग ते त्याच्या इयत्तेचं पाठ्यपुस्तक का असेना.

आणि आता जे सांगायचं आहे, ते आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. समजा मजकूर असा आहे : 'विहिरीजवळ एक शेळी चरत होती. तिचं करडू पाण्याकडे पळालं.' मुलीने वाचलं : 'हिरीजवळ एक शेळी चरलालती. तिचं करडू पान्याकडं पळालं.' किती चुका? माझ्या मते एकही नाही. तिने डोळ्यांनी प्रमाण मराठी वाचली, अर्थ घेतला आणि तो आपल्या घरच्या बोलीत सांगितला. हे काम अवघड आहे, ते तिने बिनबोभाट केलं. याउलट दुसऱ्याने 'शेळी'च्या जागी 'शाळा' वाचलं आणि तसाच पुढे गेला, तर ती खरी चूक आहे. पहिलं अक्षर बघून त्याने अंदाज मारला आणि शाळा चरते कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही. लाल शाईने दोघांनाही सारखंच खोडलं, तर पहिलीला कळतं ते एवढंच की तिच्या आईची भाषा चुकीची आहे.

निलंगा तालुक्याला लागूनच कर्नाटकाची हद्द आहे. औराद शहाजानीच्या बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच वेळी कानावर पडतात. तांड्यावरच्या मुलाच्या घरात गोरमाटी असते, आईला तो 'याडी' म्हणतो. या मुलांना 'तुला मराठी येत नाही' म्हणण्याआधी शब्द वाचता येत नाही की शब्द माहीतच नाही, हे तपासा. तपासायची रीत सोपी आहे. तोच मजकूर तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून कळलं पण वाचून कळलं नाही, तर अडचण अक्षर जोडण्यात आहे. ऐकूनही कळलं नाही, तर अडचण भाषेत आहे, आणि तिथे शब्दांचे तक्ते घोटून काही होणार नाही. तिथे गोष्टी, गप्पा, चित्रांवरचं बोलणं हवं. उत्तर त्याच्या भाषेत देऊ द्या. तुम्हाला ती येत नसेल तर वर्गातला दुसरा मुलगा दुभाषी होईल.

गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये नेमकं हेच मांडलं : वाचन म्हणजे लिपी उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार, त्यातलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आपल्याकडे श्रावणात देवळात पोथी लागते, तेव्हा एक जण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. मुलाला ही दोन्ही कामं एकट्याने, एकाच वेळी करायची असतात.

वेगाबद्दल सांभाळून. 'निपुण भारत'च्या लक्ष्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द धरले आहेत. पण मराठीत 'घराजवळच्या' हा एक शब्द आहे, हिंदीत त्याचे तीन-चार होतात. म्हणून घड्याळ लावून दोन मुलांची तुलना करू नका. त्याच मुलाचा जुलैतला आणि सप्टेंबरातला वेग ताडून बघा. वाचून झालं की तीन प्रश्न पुरेत : एकाचं उत्तर मजकुरात असावं, एकाचं ओळींच्या मधे, आणि एक 'तुला काय वाटतं' असा.

मग करायचं काय

रोज एक तास इयत्ता विसरा. दुसरी ते पाचवीच्या मुलांचे पायरीनुसार गट करा : अक्षरांचा, शब्दांचा, परिच्छेदाचा. 'प्रथम'ने देशभर हे करून पाहिलं आहे आणि आपल्या बहुवर्ग शाळांना तर ते सोयीचंच आहे. गटांना नावं फुलांची द्या, झाडांची द्या, 'अप्रगत' हा शब्द मुलांच्या कानावर पडू देऊ नका. दर सहा आठवड्यांनी पुन्हा ऐका आणि मुलांना हलवा. वर्षभर एकाच गटात बसलेलं मूल हा आपला दोष आहे.

अक्षरांच्या गटासाठी संपूर्ण वर्णमाला आणि मग बाराखडी हा लांबचा रस्ता सोडा. पाच-सहा अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घ्या, आणि त्याच दिवशी त्यांचे अर्थपूर्ण शब्द आणि छोटी वाक्यं वाचायला द्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवनात, मॅक्सीन बर्नसन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या शाळेत, अक्षरगटांच्या या वाटेने मुलं वाचू लागली. वर्णमाला संपण्याची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच आपण वाचलं, हा अनुभव हरलेल्या मुलाला उभा करतो. पालघर जिल्ह्यात सोनाळे येथील 'क्वेस्ट' संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी 'अनुपद' हा कार्यक्रम बांधला आहे, तोही बघण्यासारखा आहे.

माझा स्वतःचा सगळ्यात जास्त भरवसा मात्र एका जुन्या उपायावर आहे. मुलाला बोलू द्या आणि तो बोलेल ते जसंच्या तसं लिहा. 'काल मी आज्याबरोबर शेताला गेलतो. सोयाबीन काढलालते.' हे मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या हातात द्या. ते त्याचंच वाक्य आहे, म्हणून अर्थ आधीच डोक्यात आहे, आता फक्त अक्षरांशी गाठ घालायची आहे. चार दिवस वाचून झालं की शेजारी पुस्तकातली भाषा लिहा : 'सोयाबीन काढत होते.' दोन्ही भाषा वहीत शेजारी शेजारी राहू देत. अशा वीस पानांचं मुलाचं स्वतःचं पुस्तक होतं, आणि ते दुसरी मुलंही मागून नेतात.

निलंग्याच्या बसस्थानकाकडे मुलांना एकदा घेऊन जा, किंवा तिथल्या पाट्यांचे फोटो काढून आणा. लातूर, उदगीर, उमरगा, देवणी, भालकी. 'निलंगा राईस'च्या गाड्यावरची पाटी तर न वाचता येणारं मूलही ओळखतं. 'निलंगा'मधला अनुस्वार, 'राईस'मधला काना, 'लातूर'मधला दीर्घ उकार तिथून शिकवा.

मूल अडलं की मनात पाच आकडे मोजा. मग शब्दाचा पहिला आवाज द्या. मग वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचायला सांगा. शब्द लगेच सांगून टाकण्याची घाई आपल्याला असते, त्याला नसते. चाचपडत वाचणाऱ्याला तोच उतारा तीन-चार दिवस वाचू द्या. आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. चौथ्या दिवशी त्याने तो पहिलीच्या मुलांना वाचून दाखवावा. आणि रोज दहा मिनिटं तुम्ही सगळ्या वर्गाला एखादी चांगली गोष्ट वाचून दाखवा. 'बालभारती'चं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे, त्यात पुष्कळ मिळेल.

शाळेबाहेरच्या काही गोष्टी

डोळे आणि कान आधी तपासून घ्या. फळा दिसत नाही हे मूल सांगत नाही, कारण सगळ्यांना तसाच दिसतो असं त्याला वाटतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल, त्या दिवसासाठी शंका असलेल्या मुलांची नावं आधीच लिहून ठेवा.

नीट शिकवूनही, दोन-तीन महिने रोज वेळ देऊनही काही मुलं हलत नाहीत. बोलण्यात चुणचुणीत, तोंडी हिशेबात पुढे, पण कालचा शब्द आज अनोळखी. अशा वेळी अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. निदान मात्र आपण करू नये आणि तो शब्द दाखल्यावर तर मुळीच लिहू नये. प्रमाणपत्रासाठी साधारण आठ वर्षांनंतरच तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. पालकांना गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे आणि तिथून सरकारी रुग्णालयाकडे पाठवा. तोवर शिकवणं थांबवायचं नाही.

दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला जातात, आणि त्यांची मुलं मार्च-एप्रिलपर्यंत वर्गात दिसत नाहीत. त्या मुलाच्या शिक्षण हमी कार्डासोबत एक कागद जोडा : मूल कोणत्या पायरीवर आहे, कोणती स्वरचिन्हं आली, कोणती राहिली. दोन ओळी पुरेत. तिकडच्या शाळेतल्या शिक्षकाला त्याच्या कामाची पहिली खूण मिळते. मूल गावातच आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असेल, तर आजीला सांगा, "आजी, तुम्हाला वाचता येत नाही तर नसू दे. रोज रात्री याला एक पान वाचायला लावा आणि काय वाचलंस ते मला सांग म्हणा." ऐकणारं माणूस घरात असलं की मूल वाचतं. त्याला अडखळलं म्हणून मारायचं नाही, हे मात्र आई-बापांना स्पष्ट सांगा.

वर्षअखेरच्या नोंदीत आता काय लिहायचं? 'सुट्या शब्दांत काना, मात्रा, दीर्घ वेलांटी बरोबर. ऱ्हस्व वेलांटी व रफार अडतात. ऐकलेली गोष्ट पूर्ण कळते, बोलीत सांगतो. जून ते मार्च : अक्षरांवरून परिच्छेदावर.' एवढं वाचून पुढच्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी कामाला लागता येतं.

हजेरी घेताना ज्या नावापाशी तुमचं मन थोडं अडतं, ते मूल कोणतं हे तुम्हाला माहीत आहे. उद्या परिपाठ झाला की एक परिच्छेद आणि एक पेन्सिल घेऊन त्याला दहा मिनिटं शेजारी बसवा.